एमआरआय म्हणतो खांद्यातला टेंडन फाटलाय. शिवायचा की सोडायचा?

रानजाई (धागालेखिका), रविवार रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी उचलून हलवावा. मला सध्या काही उचलता येत नाही.

वय ५६, राहणार नौपाडा, ठाणे. पाडव्यानंतर कधीतरी उजवा खांदा दुखायला लागला. आमच्या जिन्यातल्या चार बायकांपैकी तिघींना फ्रोजन शोल्डर होऊन गेलंय, म्हटलं आता माझा नंबर. दोन महिने बाम, शेक आणि दुर्लक्ष. आता दांडीवर कपडे टाकताना डाव्या हाताने उजवा उचलून धरावा लागतो. त्या कुशीवर वळलं की जाग येते. फोडणीचा डबा वरच्या फळीवरून ओट्यावर उतरलाय आणि वेणी लेक घालते.

शेवटी एमआरआय केला. रिपोर्टात सुप्रास्पायनेटस टेंडनचा फुल थिकनेस टिअर, १८ मिलिमीटर. म्हणजे खांद्याच्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी आरपार फाटलीय. ठाण्यातले डॉक्टर म्हणाले दुर्बिणीतून शिवून टाकू, पुढच्या आठवड्यातली तारीख घ्या. वाशीचे म्हणाले या वयात एवढं असायचंच, तीन महिने फिजिओ करा आणि एमआरआय कपाटात ठेवा. दोघेही चांगले वाटले, दोघेही घाईत होते. कुणी यातून गेलंय का? कोणाचं ऐकू?

चौथी_सीट, रात्री ११:०५

माझाही उजवाच. १९ वर्षं कळवा ते सीएसएमटी, वरच्या कडीला लटकून. डॉक्टरांनी व्यवसाय विचारला तर "लटकणे" सांगितलं.

ताई, इन्शुरन्स असेल तर आधी टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे) विचारा की अँकरचे पैसे देतात का. खांद्याच्या हाडात जे छोटे खिळे बसवून त्यांच्या दोऱ्यांनी टेंडन बांधतात ते अँकर. बिलात सगळ्यात जड ओळ तीच असते.

घोडबंदर_रोडी, रात्री ११:२०

वाशीचे डॉक्टर तीन महिने म्हणाले? घोडबंदरवरून निघालात तर क्लिनिकला पोहोचेपर्यंत तेवढे होतातच.

आजीचा_बटवा, सोमवार सकाळी ७:१०

निर्गुडीचं तेल कोमट करून रात्री खसखसून चोळा. वर एरंडाचं पान बांधा. माझ्या नणंदेचा हात २१ दिवसांत डोक्यावर गेला. चिरफाड कशाला?

हातखंडा, सकाळी ९:४०

मी फिजिओथेरपिस्ट, नेरूळला प्रॅक्टिस. बटवाताई, शेकाने बरं वाटतं हे खरं आहे, तेल लावून हलका हात फिरवायलाही हरकत नाही. पण नणंदबाईंचा खांदा आखडलेला असणार, म्हणजे फ्रोजन शोल्डर. यांचा फाटलेला आहे. दोन्हींत गल्लत होते म्हणून जरा इस्कटून सांगतो.

खांद्याची खोबण फार उथळ. एवढ्याशा बशीत मोठा गोळा ठेवावा तशी. तो गोळा मधोमध धरून ठेवायला चार स्नायू आहेत. वर सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. चौघांचे टेंडन मिळून गोळ्याभोवती जी कड तयार होते ती रोटेटर कफ. फाटतो बहुतेक वेळा वरचा.

आखडलेल्या खांद्यात दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही, कारण सांध्याचं आवरणच आकसलेलं असतं. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं. फाटलेल्या कफमध्ये मी हात उचलला तर कानापर्यंत जातो, रुग्णाने स्वतः उचलायला घेतला की अडतो किंवा थरथरतो. रानजाईताई डाव्या हाताने उजवा उचलतात आणि तो जातो, म्हणजे काय ते समजा.

आम्ही आणखी दोन-तीन गोष्टी बघतो. हात पुढे-बाजूला धरून अंगठा खाली, जणू हातातला डबा उपडा करतोय, आणि वरून दाब. हा वरच्या टेंडनसाठी. हात कमरेमागे, ब्लाउजचं हुक लावतो तसा, आणि तिथून पाठीपासून लांब उचलायचा. हा पुढच्या स्नायूसाठी. एकट्या चाचणीवर भरवसा नको, दोन-तीन मिळून चित्र तयार होतं.

ताई, एक प्रश्न. "पाडव्यानंतर कधीतरी" म्हणजे नेमकं कधी? हळूहळू वाढत गेलं की एका दिवशी अचानक?

आजीचा_बटवा, सकाळी ९:५८

नणंदेला साखर आहे खरी. 🙊

शंकासुर, दुपारी १:१५

माझं मत वाशीच्या डॉक्टरांना. "फाटलंय" शब्दाला घाबरू नका. १९९५ साली शेर आणि सहकाऱ्यांनी खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले. ३४ टक्क्यांच्या खांद्यात फाट सापडली, साठीच्या वरच्यांत ५४ टक्के! ही सगळी मंडळी मजेत पिशव्या उचलत होती.

दुसरं, अमेरिकेतल्या संशोधकांचा मून गट. फुल थिकनेस टिअर असलेले ४५२ लोक घेतले, ठरावीक व्यायाम दिले, दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ऑपरेशनकडे वळले ते जेमतेम चौथाई, तेही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. आणि खरी गंमत अशी की ऑपरेशन कोण करून घेणार हे फाट किती मोठी यावरून कळत नव्हतं. "व्यायामाने मला फरक पडेल" असं आधी कुणाला वाटत होतं, यावरून कळत होतं.

फिनलंडमध्ये ५५ च्या वरच्या लोकांचे १८० खांदे तीन गटांत वाटले. नुसती फिजिओ, फिजिओ अधिक टेंडनच्या वरचं हाड घासणं, आणि त्यावर टेंडन शिवणंसुद्धा. वर्षाने तिघांत म्हणण्यासारखा फरक नाही.

थोडक्यात, रिपोर्ट कपाटात.

अस्थिपंजर, दुपारी ३:३०

हाडांचा डॉक्टर आहे. तुमचा नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, गप्पा.

शंकासुरांनी आकडे बरोबर दिले, पण मून गटाच्या अभ्यासाच्या शीर्षकातला एक शब्द खाल्ला. ते सगळे रुग्ण मार न लागता फाटलेले होते. फिनलंडचेही तसेच. झिजत झिजत गेलेला टेंडन आणि एका झटक्यात तुटलेला टेंडन हे दोन वेगळे आजार म्हणून बघायला हवेत. म्हणून हातखंडांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. धागालेखिकेने अजून उत्तर दिलेलं नाही.

सातवा_थर, दुपारी ४:०२

एका झटक्यात म्हणजे आम्ही. सरावात थर कोसळला, वरच्याला झेलायला हात लांब केला, खांद्यात कट्ट आवाज. त्याच संध्याकाळपासून हात वर नाही. वय २७. पाच आठवड्यांत ऑपरेशन झालं, आज पुन्हा थरात उभा आहे. फक्त खाली उतरलोय, तळाला.

घोडबंदर_रोडी, दुपारी ४:०९

आयडी बदला मग. "पहिला_थर."

दाणाबंदर, रात्री ९:४५

अवांतर होईल, पण लिहितो. वडील वाशीच्या एपीएमसीत माथाडी. ३१ वर्षं पन्नास किलोच्या गोण्या. पाठीवर घेताना हात वरून मागे वळवून गोणीचा कान धरायचा, दिवसाला किती वेळा ते त्यांनीही मोजलं नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ आलं, फंड आला, त्यावर आम्ही शिकलो. पण खांदा काही परत आला नाही. आज ६८ वय, उजवा हात छातीच्या वर जात नाही. दाढी करताना कोपर टेबलावर टेकवून मान हाताकडे नेतात.

डॉक्टर म्हणाले आता शिवण्यासारखं काही उरलंच नाही, स्नायूत चरबी झालीय, "उलटा सांधा" बसवा. असं कसं होतं? चरबी? माणूस वाळून काडी झालाय. आणि हे ओझ्याने झालं की वयाने? बाबा म्हणतात ओझ्याने. डॉक्टर म्हणाले वयाने.

अस्थिपंजर, रात्री ११:१०

दाणाबंदर, अवांतर कसलं, हाच तर मुद्दा आहे.

कारणांवरचं भांडण जवळपास दोनशे वर्षं जुनं आहे. १८३४ साली लंडनच्या स्मिथने मृतदेहांत हे फाटलेले टेंडन पाहून लिहून ठेवलं. मग बोस्टनचा कॉडमन. १९११ मध्ये त्याने टेंडन शिवल्याचं छापलं, १९३४ मध्ये खांद्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, टेंडन आतूनच कमजोर होतो आणि मग निमित्ताने फाटतो. १९७२ मध्ये न्यूयॉर्कचा नीअर म्हणाला, नाही, वरचं हाड खाली टेकतं आणि टेंडन घासून फाटतो. पुढे तर शंभरातल्या ९५ फाटी अशाच, इथवर गेला. मग जगभर ते हाड घासायची लाट आली. आमच्या गुरुजींनी अशी किती हाडं घासली असतील, देव जाणे. आज काटा पुन्हा कॉडमनकडे झुकलाय. वय, घराण्यातला वारसा, धूम्रपान, हात सतत डोक्यावर नेणारी कामं, सगळं मिळून टेंडन जुना होतो. म्हणजे बाबाही बरोबर आणि डॉक्टरही. वयाने सगळ्यांचाच टेंडन विरतो, बाबांच्या विरलेल्या कापडावर रोज गोणी पडत होती.

चरबीचं असं. टेंडन तुटला की त्याला जोडलेला स्नायू कामाविना राहतो, आक्रसतो आणि त्याच्या धाग्यांमध्ये चरबी शिरते. अंगावर मांस नसलं तरी. फ्रान्सच्या गूटालियेने १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. पुढच्या पायऱ्यांवर टेंडन ओढून शिवला तरी ती चरबी मागे हटत नाही, शिवण टिकायची शक्यताही कमी. तिथे उलटा सांधा. फ्रेंच सर्जन ग्रामाँची १९८० च्या दशकातली कल्पना. गोळा खोबणीच्या जागी आणि खोबण दंडाच्या हाडावर. त्यामुळे कफ नसला तरी बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू शकतो. ६८ हे त्यासाठी वाईट वय नाही. पण गोण्या विसरायच्या.

दाणाबंदर, रात्री ११:२४

गोण्या सुटल्या केव्हाच. नातवाला खांद्यावर घ्यायचंय त्यांना. डाव्यावर घेतात सध्या. धन्यवाद डॉक्टर.

शंकासुर, मंगळवार सकाळी ८:२०

नीअरचा विषय निघालाच आहे तर २०१८ चा सीसॉ अभ्यास सांगून टाकतो. इंग्लंडात ३१३ रुग्ण. एका गटाचं हाड घासलं, दुसऱ्या गटात नुसती दुर्बीण घालून बघितलं आणि बाहेर, तिसऱ्याला काहीच नाही. हाड घासलेले आणि खोटं ऑपरेशन झालेले, दोघांना सारखाच आराम. चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोकांची हाडं घासून झाल्यावर कळलं!

अस्थिपंजर, सकाळी ८:५५

मान्य. पण पुन्हा अर्धंच सांगताय. त्यात टेंडन पूर्ण फाटलेल्यांना घेतलंच नव्हतं. त्यावरून शिवण्याबद्दल काही सिद्ध होत नाही.

चौथी_सीट, सकाळी ९:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एका हाताने खातोय.

आबा_कोपरी, सकाळी ११:३०

वय ७३, कोपरी कॉलनी. माझा अनुभव दोन्ही बाजूंना त्रास देईल.

२०१७ ला दुर्बिणीतून शिवलं. सहा आठवडे हात झोळीत, पोटाशी उशी. बायको भरवायची, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एवढं प्रेम बघितलं. आठ महिन्यांनी हात डोक्यावर. मग वर्षभराने सहज सोनोग्राफी केली तर टेंडन पुन्हा फाटलेला! आणि मला पत्ता नाही. आजही रोज सकाळी तलावपाळीला फेरी आणि तिथे हात फिरवण्याचे व्यायाम, दुखत काही नाही. मग मला सांगा, पैसे कशाला भरले होते?

शंकासुर, सकाळी ११:४१

आबा, तुम्ही चालतंबोलतं संशोधन आहात. २००४ मध्ये गॅलट्झने मोठ्या फाटींचे १८ रुग्ण शिवले, नंतर सोनोग्राफीत १७ जणांची शिवण उसवलेली. तरी बहुतेक खूश. पुढे इंग्लंडातल्या युकफ अभ्यासातही चाळीसेक टक्के शिवणी टिकल्या नाहीत, आणि उघडून केलं काय, दुर्बिणीतून केलं काय, रुग्णाच्या हिशेबात फरक नाही.

हातखंडा, दुपारी १२:१५

आबांचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. उसवलेल्यांना आराम पडतो खरा, पण ज्यांची शिवण टिकते त्यांच्या हातात जोर जास्त असतो. आणि टिकण्यात वयाचा मोठा वाटा. बोआलोच्या २००५ च्या अभ्यासात एकूण ७१ टक्के शिवणी जुळल्या, ६५ च्या वरच्यांत मात्र ४३ टक्केच. आबा तेव्हा साठी ओलांडलेले, रानजाईताई ५६.

शिवला तरी मूळचा जोड परत मिळत नाही, हेही सांगतो. निसर्गाने टेंडनपासून हाडापर्यंत मऊ ते कडक अशा पायऱ्या केलेल्या असतात. शिवल्यावर तिथे नुसता वण तयार होतो. म्हणून घाई करणारे रुग्ण आमची डोकेदुखी. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतं, झोळी काढून पोळ्या लाटतात आणि शिवण उसवते.

घोडबंदर_रोडी, दुपारी १२:३०

सचिननेही २००६ ला लंडनला जाऊन खांद्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यानंतर किती शतकं ठोकली बघा. रानजाईताईंचं पण होईल.

चौथी_सीट, दुपारी १२:३३

त्याच्यावर पोळ्या लाटायची वेळ आली नसावी.

संपादक, दुपारी १२:५०

सचिनवरचे पुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया खांद्यावर या.

रानजाई, मंगळवार रात्री १०:१५

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! उशीर झाला, माफ करा. टाइप करताना कोपराखाली उशी लागते.

हातखंडा, तुमच्या प्रश्नावर काल रात्री बसून नीट आठवलं. मी कुठे पडले-बिडले नाही, म्हणून दोन्ही डॉक्टरांना "मार नाही" असंच सांगितलं होतं. पण पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवताना स्टूल सरकलं. मी खिडकीच्या ग्रिलला उजव्या हाताने लटकले. क्षणभरच. मग पाय टेकले, गुढीचा तांब्या खाली आदळला, सगळे तांब्याकडेच धावले. त्या रात्री खांदा ठणकत होता, साडी नेसवायला लेक लागली. दुसऱ्या दिवसापासून हात वर नाही. मला वाटलं ताण आलाय, जाईल.

हे धरायचं का?

हातखंडा, रात्री १०:२२

धरायचं म्हणजे काय! ताई, हाच मार. आदल्या दिवशी त्या हाताने गुढीची काठी वर बांधली होतीत ना?

रानजाई, रात्री १०:२६

त्याच सकाळी. काठी मीच उभारली. काही दुखत नव्हतं.

अस्थिपंजर, रात्री १०:४०

मग माझं मत बदललं. चांगला चालणारा हात एका झटक्यात वर जायचा बंद झाला. त्याला दहा-अकरा आठवडे झाले. वय छप्पन्न, कामाचा हात, १८ मिलिमीटर. दोन्ही डॉक्टरांकडे परत जा आणि ही स्टुलाची गोष्ट शब्दशः सांगा. एमआरआयवर स्नायूची चरबी कोणत्या पायरीवर आहे आणि टेंडन किती मागे सरकलाय, हे दोन प्रश्न विचारा. स्नायू अजून चांगला असेल तर माझा कल शिवण्याकडे, आणि तोही आणखी तीन महिने न थांबता. वाशीचे डॉक्टर चुकले असं नाही. त्यांना जी गोष्ट मिळाली त्यावर त्यांचा सल्ला बरोबरच होता.

आणि कोणी "तोवर एक इंजेक्शन देऊन बघू" म्हणालं तर ऑपरेशनचा विचार चालू असल्याचं आधी सांगा. स्टिरॉइड दिल्यावर लगेचच्या महिन्यात ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

शंकासुर, रात्री ११:०५

विरोधाला विरोध नाही, पण नोंद असू दे. मार लागून फाटलेल्या छोट्या टेंडनवरही स्वीडनमध्ये २०२० ला तुलना झालीय, शिवणं विरुद्ध फिजिओ. वर्षाने दुखणं आणि काम दोन्ही गटांत सारखंच.

अस्थिपंजर, रात्री ११:१२

रुग्ण ५८, फाटी सरासरी सेंटिमीटरभराच्या. आणि न शिवलेल्यांत २९ टक्क्यांची फाट वर्षभरात पाच मिलिमीटरहून जास्त वाढली, हे त्याच पेपरात आहे. ताईंची आत्ताच त्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे.

शंकासुर, रात्री ११:१५

ते लिहिणारच होतो. टाइप करत होतो. 😐 हो, यांच्या जागी मी असतो तर शिवून घेतलं असतं.

घोडबंदर_रोडी, रात्री ११:१६

शंकासुर सहमत झाले! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कळवेकर_वहिनी, बुधवार सकाळी ६:५०

माझं मागच्या वर्षी झालंय, फक्त कामाचं सांगते. पुढून बटणांचे गाऊन आधीच आणा, दोन मापं मोठे. ब्लाउज विसरा. पहिले तीन आठवडे सपाट झोपता येत नाही, आरामखुर्ची मागून आणा किंवा पाठीशी उशांची उतरंड. केस आधीच कापून या. आणि डाव्या हाताने सही करायचा सराव करा, कॅशलेसच्या कागदांवर दहा ठिकाणी लागते. माझी दहाही वेगवेगळी आली.

रानजाई, सात आठवड्यांनंतर, शनिवार दुपारी ४:३०

डाव्या हाताने लिहितेय, चुका पोटात घाला.

दोघांनाही स्टूल सांगितलं. वाशीचे डॉक्टर खुर्चीत सरळ बसले, म्हणाले हे आधी का नाही बोललात? मग एमआरआय पुन्हा लाइटवर लावला. चरबी पायरी एक, म्हणजे जवळपास नाहीच. शेवटी ऑपरेशन त्यांच्याकडेच केलं. दोन अँकर. ठाण्याच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनीही हसून "तेच तर म्हणत होतो" म्हटलं.

आज पाचवा आठवडा. झोळी पुढच्या शुक्रवारी सुटेल. कळवेकर वहिनी, गाऊनसाठी शंभर नमस्कार, सही माझी पण दहा प्रकारची आली. हातखंडा, तुमच्या ओळखीच्या बाई घरी येऊन लोलक करून घेतात. पुढे वाकून हात सैल सोडून गोल गोल.

अस्थिपंजर, संध्याकाळी ५:१०

छान. लोलकही त्याच कॉडमनचा बरं का. विक्षिप्त माणूस. प्रत्येक रुग्णाला वर्षाने परत बोलावून निकाल काय लागला ते कार्डावर लिहायचा, आणि सगळ्या हॉस्पिटलांनी तसं करावं म्हणून हट्ट धरायचा. १९१५ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत त्याने वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं मोठं व्यंगचित्र लावलं. शहामृग म्हणजे पैसेवाले रुग्ण, निकाल न विचारता सोन्याची अंडी देणारे. सभेत केवढा गोंधळ झाला.

आबा_कोपरी, संध्याकाळी ५:४५

मला वर्षाने कोणी बोलावलं नव्हतं. मीच गेलो होतो.

चौथी_सीट, संध्याकाळी ६:२०

अभिनंदन ताई! एक विचारू? टीपीएने अँकरचे पैसे दिले का?

रानजाई, संध्याकाळी ६:४८

दोनपैकी एकाचे. त्यावर वेगळा धागा काढते, उजवा हात मोकळा झाला की.